शोभाच्या हातावरचे मस्से

किश्शांचं आणि मश्शांचं सारखंच असतं बघा. एकाकडे कानाडोळा करावा, तर आजूबाजूला आणखी चार उगवलेले! मस्सा म्हणजे चामखीळ हो. आम्ही देवासची माणसं, आमच्या तोंडात मस्साच येतो.

"अलकाताई, तुमच्या किचनचे किस्से सांगा ना," असं कोणी म्हटलं की मी सुरू होते आणि लोक पोट धरून हसतात. हसा बापडे! पण हे सगळं चाललं होतं तेव्हा मी पार घाबरलेली होते. तशी मी जन्माचीच भित्री. मिक्सर सुरू करतानासुद्धा एक पाऊल मागे उभी राहते. पण त्या पावसाळ्यात माझ्याहून घट्ट काळजाच्या बायकासुद्धा टरकल्या होत्या.

आम्ही चौघी. नलूमावशीच्या घरामागे पत्र्याची शेड आहे, तिथे सणावाराच्या, लग्नामुंजीच्या ऑर्डरी करतो. नलूमावशी आमची मुख्य. सत्तरी ओलांडलेली, कडक सोवळ्याची, जीभ तिखट. कुसुमवहिनीकडे तळण, माझ्याकडे पुरण. आणि शोभाकडे मांडे. ती सगळ्यांत लहान, माहेर बऱ्हाणपूरचं, त्यामुळे मांडे तिच्या रक्तातच.

लोक मनात मांडे खातात, आमची शोभा हातावर करते! पुरण भरलेला गोळा जरासा लाटायचा, मग दोन्ही पालथ्या हातांवर, मनगटांवर खेळवत खेळवत मोठा करायचा. इतका पातळ की पलीकडचा माणूस दिसावा. मग तो उपड्या घातलेल्या तापल्या खापरावर अलगद टाकायचा. लाटण्याचं काम नाही ते, सगळा खेळ उघड्या हातांचा. नवऱ्याची फॅक्टरी बंद पडल्यापासून शोभाचं घर ह्याच हातांवर चाललं होतं.

*

तर एकदा मांड्यांना भोकं पडायला लागली.

मांडा हातावर फिरतोय, फिरतोय, आणि फर्रकन फाटला! दुसरा घेतला, तोही तसाच. नलूमावशी म्हणाली, पिठात खडा आहे. पीठ परत चाळलं. वस्त्रगाळ केलं. तरी भोक!

मग नलूमावशी पदर खोचून थेट चक्कीवर, मागोमाग मी. "क्यों भिया, गेहूँ पीसते हो कि गिट्टी?" चक्कीवाला बिचारा हात जोडून म्हणाला, "अम्मा, आपके यहाँ का आटा तो मैं खुद छानता हूँ." तरी तिने त्याच्या चक्कीचा दगड उघडून पाहिला. पाळण्यातलं मूल तपासावं तसा हात फिरवून पाहिला. दगड गुळगुळीत.

परत आलो तर शोभा कोपऱ्यात उभी, उजवा हात पदराखाली.

"दाखव," नलूमावशी म्हणाली.

शोभाने हात काढला. तर्जनीच्या पेरावर एक खरखरीत फोड, फुलकोबीच्या तुऱ्यासारखा. अंगठ्याजवळ दुसरा. मांडा त्यावरूनच फिरायचा आणि तिथेच अडकायचा.

"केव्हापासून?"

"झाले दिवस," शोभा म्हणाली. तिचा चेहरा इतका उतरला होता की माझ्याच डोळ्यांत पाणी आलं.

नलूमावशीने वाकून बघितलं. मग म्हणाली, "महालक्ष्म्या तोंडावर आल्यात. धारच्या माई समोर बसून मांडे करून घेतात. त्यांनी हे हात पाहिले तर?"

धारच्या माई म्हणजे आमची सगळ्यांत जुनी आणि सगळ्यांत कडक ऑर्डर. मुलींच्या शाळेच्या निवृत्त हेडमिस्ट्रेस. त्यांच्या घरचं काम गेलं तर धारमधली बाकीची घरंही गेलीच म्हणून समजा, कारण सगळी त्यांना विचारूनच ठरवतात. आणि मांड्यांचं काम गेलं की शोभाला आमच्यात काम काय उरणार? हे नलूमावशी बोलली नाही. पण शोभाला ते ऐकू आलं.

"हातमोजे घालते मी," ती घाईने म्हणाली.

घातले. मांडा मोज्याला असा चिकटला की सोडवता सोडवता पुरण जमिनीवर आणि मोजा खापरावर. सगळ्या गल्लीत जळक्या रबराचा वास! समोरच्या दुकानदाराने येऊन विचारलं, "माताराम, आज टायर की पूरनपोली बना रहे हो क्या?"

आम्ही हसलो. शोभा हसली नाही.

*

मस्सा होतो कशाने, ह्यावर नलूमावशीचं स्वतःचं शास्त्र आहे. "ज्याच्या अंगावर फोड, ते खाल्लं की आपल्या अंगावर फोड!" झालं. कारलं बंद. सीताफळ बंद. फणस तर देवासला मिळतोच कधी, पण तोही बंद. फुलकोबी बंद. भाजीवाल्याकडे उभी राहून ती एकेक भाजी हातात घेऊन कुरवाळून बघायची. गुळगुळीत असेल तर पास.

"मग वांगं चालेल ना मावशी? ते तर गुळगुळीत आहे," मी विचारलं.

"वांग्याच्या देठाला काटे असतात," ती म्हणाली.

मी वांगं परत टोपलीत ठेवलं.

कुसुमवहिनीची भीती वेगळीच. तिला खाण्याची नाही, लागण्याची भीती. तिने शोभाचा पाट वेगळा केला, पेला वेगळा केला, टॉवेल वेगळा केला. शोभाने दाराची कडी लावली की ही पदराने पुसणार. शिवाय तिच्या भावजयीला कोणीतरी सांगितलेलं म्हणून तिने आंबट बंद केलं. दही, ताक, चिंच, लिंबू, आमसूल, सगळं. "आंबटाने मस्सा मऊ पडतो आणि पसरतो," म्हणे.

एवढ्यावर थांबली असती तर ठीक. पण तिने सॅनिटायझरची मोठी बाटली आणून शेगडीशेजारीच ठेवली. येता-जाता हातावर फवारा. एक दिवस कढई चढवायच्या आधी तिने हातावर भरपूर मारलं, आणि तसाच ओला हात गॅसकडे नेला. भप्प! निळी ज्योत तिच्या बोटांवरून नाचत गेली. मी किंचाळले. शोभाने, ज्या शोभाचा पेला हिने वेगळा केला होता त्या शोभाने, कणकेचा ओला फडका धाडकन तिच्या हातावर आपटला आणि विझवलं.

केस न् केस जळले मनगटावरचे, बाकी काही झालं नाही. कुसुमवहिनी मटकन खाली बसली.

नलूमावशी बाटली उचलून बाहेर फेकत म्हणाली, "मश्शाने कोणी मेलेलं मी ऐकलं नाही गं बाई. पण तू आम्हाला जिवंत जाळशील!"

*

शेवटी मीच हट्ट धरून शोभाला चामडीच्या डॉक्टरकडे नेलं. तरुण पोरगा, इंदूरला शिकलेला, मराठी घरातला पण बोलतो हिंदीतच. त्याने भिंग लावून पाहिलं.

"वायरस है काकी. घबराने की बात नहीं."

"काय खाल्ल्याने झालं?" मी विचारलं.

"खाने से नहीं होता."

"मग काय खाल्ल्याने जाईल?"

"खाने से जाता भी नहीं." मग माझं तोंड पाहून त्याला दया आली असावी, मराठीत म्हणाला, "म्हणजे असं, अंगात ताकद असेल तर शरीर आपणहून ह्याच्याशी लढतं. म्हणून पोटभर खायचं. डाळ, दूध, भाज्या, सगळं. पण एखादी गोष्ट सोडली म्हणून मस्सा जाईल, असं काही नाही. खुडायचा नाही, कापायचा नाही. टॉवेल आपला वेगळा, काम करताना पट्टी लावायची. स्वयंपाकातून लोकांच्या पोटात वगैरे काही जात नाही."

थंड गॅसने गोठवून काढता येतील, म्हणाला. शोभा लगेच तयार! पण मग तो म्हणाला की त्या जागी फोड येईल, दुखेल, काही दिवस हाताने बारीक काम करायचं नाही. कदाचित पुन्हा करावंही लागेल.

शोभाने हात मागे घेतला. "महालक्ष्म्या झाल्या की येते," म्हणाली. नाहीतर लावायचं औषध देतो, तो म्हणाला, पण त्याला वेळ लागेल आणि कातडी सोलवटेल. तेही तिने महालक्ष्म्यांनंतरवर ढकललं. सोलवटलेल्या हातावर मांडा कसा फिरणार?

शेडमध्ये परतलो तर दोघी वाट बघत बसलेल्या. "काय सांगितलं डॉक्टरने? पथ्य काय?"

"काही नाही. सगळं खा म्हणाला."

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. नलूमावशीने मान हलवली. "पथ्य सांगितलं नाही? मग नवीन आहे बिचारा. शिकेल हळूहळू!"

*

डॉक्टरने पथ्य दिलं नाही, म्हटल्यावर गावाने द्यायला सुरुवात केली.

पीपलरावां गावाहून आमच्याकडे दूध घेऊन येणारा दूधवाला शोभाचा हात पाहून म्हणाला, "बेन, दूध मती पीजो. मस्सो दूध पी ने फूले." आणि आम्ही विश्वास ठेवला! का? तर नलूमावशी म्हणाली, "जो माणूस आपलंच दूध पिऊ नको सांगतो, तो खोटं कशाला बोलेल?"

रिक्षावाला म्हणाला, "भाभी, आलू छोड़ दो. आलू पे भी तो आँखें होती हैं." पोहेवाल्याने सेव बंद केली, खुद्द सेव विकत असून! शोभाच्या सासूने गूळ बंद केला, कारण गुळाला मुंग्या लागतात. मुंग्यांचा आणि मश्शांचा काय संबंध, ते विचारायची सोय नाही, सासू आहे. तुरीची डाळ उष्ण, उडीद जड, शेंगदाणे तर अंगावर उठणारच!

मी म्हणायची, "शोभा, अगं डॉक्टर काय म्हणाला?" ती म्हणायची, "डॉक्टरचं बरोबर असेल हो ताई. पण ह्यांच्यातल्या एकाचं जरी बरोबर निघालं तर? सोडून बघायला माझं काय जातं?"

मी पुढे समजावत बसले नाही. माझा भित्रा जीव तोपर्यंत दुसऱ्याच गोष्टीत अडकला होता.

कारण एक दिवस माझ्याच करंगळीवर मला फोड दिसला.

खरखरीत, पिवळसर, टणक. बापरे! माझं पाणी पाणी झालं. पुरण वाटते मी, हात माझेही उघडेच. गेलं सगळं, मनात म्हटलं. घरी कुणाला सांगितलं नाही. जेवताना करंगळी दुमडून ठेवली. नवऱ्याने विचारलं, "लचकली का?" मी "हो" म्हटलं. मोबाईलचा टॉर्च मारून बघत बसायची, वाढला का, वाढला का. आणि, हसू नका, मी पण दूध सोडलं. चहा कोरा! कारलं सोडलं. दही सोडलं. सकाळी आरशासमोर देवाला म्हटलं, धारच्या ऑर्डरीपर्यंत तरी लपू दे.

शेवटी धीर करून एकटीच डॉक्टरकडे गेले. खुर्चीत बसल्याबसल्या रडायलाच लागले. "माझे पण मस्से सुरू झाले हो!"

त्याने करंगळी धरली. भिंग लावलं. मग भिंग बाजूला ठेवून नुसत्या नखाने टचकन ते टोक उडवलं आणि बोटावर घेऊन बघितलं. वास घेतला.

"काकी," म्हणाला, "हे पुरण आहे. वाळलेलं."

*

आता पुढचा किस्सा ऐका. कारण खरी भीती त्याच्यानंतर वाटली.

शोभाच्या अंगठ्याजवळचा मस्सा गेला!

एका सकाळी हात धुता धुता तिने बघितलं तर जागा सपाट. शेडमध्ये धावतच आली. "गेला! गेला!" आम्ही चौघी नाचायच्या बाकी राहिलो. कुसुमवहिनीने तर तिचा हात हातात घेतला, इतक्या दिवसांनी प्रथमच.

नलूमावशी म्हणाली, "बघितलंस? कारलं सोडल्याचा गुण!"

कुसुमवहिनी म्हणाली, "कारलं कसलं, आंबट सोडल्याचा!"

दूधवाला आला, त्याने कॅन खाली ठेवून छाती फुगवली. "म्हने कियो थो!" सासूचा फोन आला, गुळाचं श्रेय घ्यायला. पोहेवाला गल्लीत सगळ्यांना सांगत सुटला. देवासमध्ये त्या दिवशी जेवढे वैद्य झाले तेवढे कुठल्या कॉलेजातून निघत नसतील!

मी डॉक्टरला फोन करून विचारलं. तो म्हणाला, "काकी, मस्से कित्येकदा आपणहून जातात. काही जातात, काही राहतात, काही नवीन येतात. ती नीट जेवतेय ना?"

मी फोन ठेवला आणि शोभाकडे बघितलं. खरं सांगते, त्या क्षणी मला तिच्याबद्दल पहिल्यांदा भीती वाटली. ती हसत होती, पण गालांची हाडं वर आली होती. ब्लाऊजच्या बाह्या ढिल्या झाल्या होत्या. बांगडी कोपरापर्यंत वर सरकवली तरी परत मनगटावर घसरत होती.

"शोभा, आता पुरे. आता जेव," मी म्हटलं.

ती दचकली. "आत्ता? आता तर लागू पडायला लागलंय ताई! एक गेला, तर्जनीचा राहिलाय. आता सोडलं तर?"

आणि तिने आणखी घट्ट धरलं. कुणी सांगितलं नाही तेसुद्धा सोडायला लागली. सकाळी मुगाचं पाणी, संध्याकाळी अर्धी भाकरी, मीठ लावून. आम्ही डबा उघडला की ती अंगणात जाऊन उभी राहायची. वासाने मन चळतं म्हणायची.

आता कारलं कोण परत सुरू कर म्हणणार? नलूमावशी सुद्धा चाचरायला लागली. एकदा तिनेच भीत भीत म्हणून पाहिलं, "अगं, थोडं कारलं खाल्लंस तरी चालेल बरं का."

शोभा म्हणाली, "मावशी, तुम्हीच म्हणालात ना त्याच्यानेच गेला? मग आता का माझी परीक्षा बघताय?"

नलूमावशीला गप्प करणारी बाई मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिली.

*

मग ती पडली.

महालक्ष्म्यांच्या आधी सरावाचे मांडे चालले होते. खापर लालबुंद. तर्जनीला पट्टी बांधून मांडा कसा फिरवायचा ते शोभाने शोधून काढलं होतं, बोट जरा उचलून धरायचं आणि वजन मनगटावर घ्यायचं. कमाल होती पोरीची! मांडा सुरेख फिरत होता, पातळ, लुगड्याच्या पदरासारखा. मी पुरणाचा गोळा हातात घेऊन बघतच राहिले.

आणि तिचे डोळे वर गेले.

ती पुढे झुकली, खापराकडे. सरळ तोंडावर गेली असती. मी आयुष्यात कधी पुढे झालेली बाई नाही, पण त्या दिवशी कशी कोण जाणे, तिच्या कमरेला मिठी घातली आणि मागे ओढलं. दोघी जमिनीवर. मांडा आमच्या अंगावर. कुसुमवहिनी देवाचं नाव घेत रडायला लागली. नलूमावशीने शोभाच्या तोंडावर पाणी मारलं, अर्धं माझ्यावरच पडलं.

शोभाचं अंग हलकं लागत होतं. इतकं हलकं की मला रडूच फुटलं. मनात आलं, ही आता उठली नाही तर?

मग तिने डोळे उघडले. आमच्याकडे पाहिलं, खापराकडे पाहिलं, आणि पहिलं वाक्य काय बोलली असेल?

"फाटला का हो?"

डॉक्टरकडे चल म्हटलं तर ऐकेना. "धार होऊ द्या. मग तुम्ही म्हणाल ते." साखरपाणी दिलं तर साखरेवर कोणी काय सांगितलं होतं ते आठवेना म्हणून नुसतं पाणी प्यायली.

*

धारला गेलो ती सकाळ मी विसरणार नाही. इंदूरच्या बायपासवर कुसुमवहिनीने नेहमीप्रमाणे कचोरीचा विषय काढला आणि स्वतःच गप्प झाली. शोभा खिडकीशी बसली होती, दोन्ही हात मांडीवर पदराखाली. तर्जनीला ताजी पट्टी. आणि मला दिसलं, मधल्या बोटालाही एक. म्हणजे नवीन आला होता. तिने कुणाला सांगितलं नव्हतं, मीही विचारलं नाही.

माईंचं घर नव्या कॉलनीतलं, टाईल्सचं, लख्ख. महालक्ष्म्या सजून उभ्या होत्या, नथी, शालू, गजरे. आतून वरण-भाताचा, भाज्यांचा वास येत होता, सुनेने पहाटेपासून सोवळ्यात सगळा स्वयंपाक करून ठेवला होता. फक्त मांडे आमचे राहिले होते. ते झाले की नैवेद्य. त्या घरात नैवेद्य होईपर्यंत कोणाला घोटभर चहासुद्धा मिळत नाही. माईंचा नातू एकदा रडून रडून निळा पडला होता म्हणे, तरी मिळाला नव्हता!

माई खापरासमोर खुर्ची टाकून बसल्या. पंच्याऐंशीच्या घरातल्या, पण पाठ ताठ. शोभाने कणकेच्या परातीवरचा रुमाल काढला.

"पट्ट्या कसल्या?" माई म्हणाल्या.

"कापलंय जरा," नलूमावशी पुढे होऊन म्हणाली. तिच्या तोंडून मी ऐकलेलं ते पहिलं खोटं.

"सोड बघू."

शोभाने माझ्याकडे पाहिलं. मी काय करणार? तिने एक पट्टी सोडली. मग दुसरी. दोन्ही हात पुढे केले.

माईंनी चष्मा लावला. तिचे हात आपल्या हातात घेतले, तसेच, उघडे. तर्जनी पाहिली. मधलं बोट पाहिलं. पालथे केले, सुलटे केले. कुसुमवहिनीने डोळे मिटून घेतले होते. सून दारात उभी राहून बघत होती. संपलं, मी मनात म्हटलं. शोभाचं संपलं.

माईंनी हात सोडले नाहीत. मनगटाभोवती आपली दोन बोटं गुंडाळून पाहिली. बोटं एकमेकांवर चढली, तरी जागा उरली. मग तिची हनुवटी वर करून डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली.

"जेवतेस काय गं तू?"

"जेवते ना, माई."

"काय, विचारलं मी."

शोभाने पदर सारखा केला. शेवटी म्हणाली, "मुगाचं पाणी."

"पथ्य आहे माई, मश्शांचं," नलूमावशी म्हणाली.

"कुणी दिलं?"

माईंनी आम्हा तिघींकडे एकेक करून पाहिलं. शाळेतल्या पोरींसारख्या आम्ही खाली बघत उभ्या.

"सूनबाई, हिचं पान मांड."

"आई!" सून घाबरून म्हणाली. "अहो, नैवेद्य व्हायचाय अजून! महालक्ष्म्या उपाशी..."

"त्या दोघी वर्षाच्या वर्षाला येतात, येतील पुढच्या वर्षी पण," माई म्हणाल्या. "हिचं मला तसं दिसत नाही. मांड पान."

सुनेने महालक्ष्म्यांकडे बघून हात जोडले आणि पान मांडलं. देवीच्या आधी. पानात भात आला, त्यावर वरण, तुपाची धार. भाजी आली. कोशिंबीर आली. लिंबाची फोड आली.

शोभा पाटावर बसली. पानाकडे बघत राहिली. मग तिने मान वर केली आणि आमच्याकडे पाहिलं. आधी कुसुमवहिनीकडे. मग माझ्याकडे. मग नलूमावशीकडे, आणि तिथेच थांबली.

"मावशी," तिने अगदी हळू विचारलं, "भात चालतो का मला?"